अनामत

पुस्तक तळहातावर मावेल एवढंच होतं. कातडी बांधणीचे कोपरे झिजून गोल झाले होते आणि पानांना जुन्या कागदाचा गोडसर, धुळकट वास होता. माझी ग्रीक मैत्रीण ते रुमालात गुंडाळून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवायची. एका रविवारी रात्री होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात तिनं ते आणलं. आम्ही तिघीच जाग्या होतो. ती, तिच्या शेजारच्या खोलीतली तुर्की मुलगी आणि मी.

"पणजीचं प्रार्थनेचं पुस्तक आहे," ती म्हणाली. "आमच्या घरात ते कुणालाच कळत नाही."

मला वाटलं, भाषा जुनी, अवघड असेल. तिनं मान हलवली. "अक्षरं ग्रीकच आहेत, मला घडाघडा वाचता येतात. पण काय वाचतेय ते कळत नाही."

आणि ती वाचायला लागली. सपाट आवाजात, अर्थ माहीत नसला की माणूस वाचतो तसं, शब्द नको तिथे तोडत. चौथ्या-पाचव्या शब्दाला तुर्की मुलीचा कप विसळणारा हात थांबला. "परत वाच." हिनं परत वाचलं. "अगं, ही तुर्की आहे! 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणतेय ती."

पुस्तक तिच्या हातात दिलं तर तिला एक अक्षर लागेना. मग दोघी खुर्च्या जवळ ओढून बसल्या. एक डोळे झाली, दुसरी कान झाली. एकीनं अक्षर लावायचं, दुसरीनं अर्थ सांगायचा. ऐंशी-नव्वद वर्षं मुकं पडलेलं पुस्तक तासभर बोलत राहिलं. मी समोर बसून नुसती ऐकत होते.

शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेल्या चार-पाच ओळी होत्या. घरातले त्यांना 'पणजीची प्रार्थना' म्हणायचे आणि मैत्रिणीची आजी झोपण्याआधी रोज त्या ओळींवर ओठ टेकवायची. त्यांच्याकडे मी शेवटी येते. आम्हीही त्या रात्री शेवटीच आलो.

पणजी कप्पाडोकियाची होती. आजच्या तुर्कस्तानच्या ऐन मध्यावरचा हा प्रदेश. तिथल्या कितीतरी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांची मातृभाषा तुर्की होती. लिपी चर्चमुळे ग्रीक. करामानली म्हणत त्यांना. इस्तंबूलच्या छापखान्यांतून त्यांच्यासाठी ग्रीक अक्षरांतली तुर्की पुस्तकं निघायची, वर्तमानपत्रंही निघायची. पुढे ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी एका करारावर सह्या केल्या. करार अदलाबदलीचा होता. माणसांच्या. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानला. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. कोणाची भाषा कुठली, हे कुणी विचारलं नाही. धर्म विचारला. त्यामुळे ग्रीकचा एक शब्द न येणारी पणजी 'ग्रीक' ठरली आणि क्रीट बेटावरचे, पिढ्यानपिढ्या ग्रीकच बोलणारे मुसलमान 'तुर्क' ठरले. दोघांनाही 'मायदेशी' पाठवण्यात आलं. असा मायदेश, जिथे त्यांना वाट विचारायलाही दुभाष्या लागत होता.

बरेचजण तर कराराच्या आधीच पळून आले होते. ९ सप्टेंबर १९२२ ला तुर्की सैन्य स्मिर्ना शहरात, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये शिरलं. १३ तारखेला आग लागली आणि ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. पुढे समुद्र, मागे आग, मधल्या धक्क्यावर माणसंच माणसं. १९२८ मध्ये ग्रीसची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या होती सुमारे ६२ लाख आणि त्यात निर्वासित १२ लाख २१ हजारांवर. दर पाच माणसांत एक.

त्या काळातलं अथेन्सच्या म्युनिसिपल थिएटरमधलं एक छायाचित्र आहे. नाट्यगृहाचे मजल्यावर मजले चढवलेले बॉक्स, एरवी मानकऱ्यांनी बसायचे. प्रत्येक बॉक्समध्ये एक बिऱ्हाड. कठड्यांवर कपडे टाकलेत, बायकामुलं कठड्याला टेकून खाली बघताहेत. मी ते छायाचित्र खूप वेळा पाहिलंय आणि दरवेळी माझी नजर त्यांच्या हातांकडे जाते. आपण म्हणतो, माणसं नेसत्या वस्त्रांनिशी आली. ते खरंच आहे, पण ते सामान मोजणाऱ्याच्या बाजूनं खरं आहे. बोटीवर चढताना कारकुनाला ट्रंक मोजता येते, बोचकं मोजता येतं. गळ्यात काय आहे आणि बोटांत काय आहे, ते त्याच्या वहीत कुठे लिहिणार?

काय होतं, ते पुढच्या दहा वर्षांत कळलं. पिरेयस बंदराच्या आणि अथेन्सच्या कडेनं निर्वासितांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. नावंसुद्धा मागे राहिलेल्या गावांची: नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया, नेआ फिलाडेल्फिया. 'नेआ' म्हणजे नवी. या वस्त्यांबरोबर संतूर, ऊद आणि कानून वाजवणारे हात आले. स्मिर्नात आणि इस्तंबूलमध्ये 'काफे अमान' नावाच्या गाण्याच्या बैठकी असायच्या. त्या ग्रीसमध्ये आधीही थोड्याफार होत्या, आता गल्लोगल्ली झाल्या. त्या बैठकींत 'अमानेस' गायलं जायचं. आलापीसारखं, संथ, तालाबाहेर सोडलेलं. शब्द थोडे, आणि मधूनमधून गाणारा एकच शब्द घोळवत राहतो: अमान, अमान.

रोझा एस्केनाझीची एक जुनी रेकॉर्ड माझ्याकडे अशीच कुणीतरी पाठवली होती. तव्याची खरखर, मग व्हायोलिन, आणि त्यातून वर येणारा एक किंचित करकरीत, पण सुरांवर घट्ट उभा असलेला आवाज. मध्येच साथीदारांपैकी कुणीतरी ओरडून दाद देतं, "यासू, रोझा!" ही दाद मला फार आवडते. नव्वद वर्षांपूर्वी त्या खोलीत हजर असलेल्या माणसाला जे वाटलं ते आपल्याला त्या क्षणी, त्याच जागी वाटतं. बरेच महिने मी 'अमान' हा नुसता हुंकार समजून ऐकत होते. 'हाय रे' सारखा. तुर्कीत तो तसा वापरतातही. मग कधीतरी त्याचं मूळ पाहिलं. शब्द अरबी. अर्थ: अभय, जीवाची हमी. हरलेला सैनिक शस्त्र टाकून जे मागतो ते. शरण आलोय, जीव राखा.

त्या दिवशी मी रेकॉर्ड मध्येच थांबवली. हे गाणं आगीच्या आधीचं आहे, शब्दही आधीचाच, तो काही निर्वासितांनी घडवलेला नाही. पण स्मिर्नाच्या धक्क्यावरून आलेल्या माणसाच्या तोंडी तो पुन्हा मूळ अर्थानं भरला असेल, याबद्दल मला शंका वाटत नाही.

आणि यजमानांनी काय केलं? नावं ठेवली. 'तुर्कांची बीजं' म्हणाले. 'दह्यात बाप्तिस्मा झालेले' म्हणाले. हे दोन्ही शब्द ग्रीक भाषेत नोंदलेले आहेत. मला इथे यजमानांनाही न्याय द्यायचा आहे, कारण दहा वर्षं एकामागून एक लढाया लढून दमलेला, कफल्लक देश होता तो. त्यात दर चार माणसांच्या पंक्तीला पाचवं माणूस येऊन बसलं. जमीन तेवढीच, काम तेवढंच. भीती वाटणं समजू शकतं. पण भीती वाटली की माणूस भाकरीबद्दल बोलत नाही, समोरच्याच्या उच्चाराबद्दल बोलतो, त्याच्या गाण्याबद्दल बोलतो. 'हे आपलं नाही' हे वाक्य बहुधा भुकेच्या हिशेबातूनच येतं, आणि संस्कृतीचा सदरा घालून येतं.

पण त्याच बंदरावर दुसरंही काही घडत होतं. मार्कोस वामवाकारिस नावाचा एक तरुण सिरॉस बेटावरून पोटासाठी पिरेयसला आला होता. तो निर्वासित नव्हता. कॅथलिक, बेटावरचा, त्यामुळे तोही तिथे थोडा उपराच. गोदीत कोळसा उपसला, मग कत्तलखान्यात काम धरलं. १९२४-२५ च्या सुमारास त्यानं निकोस नावाच्या एका म्हाताऱ्याला बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजवताना ऐकलं. म्हाताऱ्याला लोक आइवालिओतिस म्हणत, म्हणजे आइवालीचा. आइवाली हे समुद्रापलीकडचं, आता तुर्कस्तानात असलेलं गाव. मार्कोसनं पुढे आत्मकथनात सांगितलंय की ते वाजवणं ऐकून त्यानं शपथ घेतली: सहा महिन्यांत हे वाद्य आलं नाही, तर कत्तलखान्यातल्या सुऱ्यानं स्वतःचा हात तोडीन.

हात शाबूत राहिला. १९३४ मध्ये पिरेयसमधल्या चौघांनी मिळून आपलं वाद्यवृंद-मंडळ काढलं, त्यात मार्कोस होता. उरलेल्या तिघांपैकी स्त्रातोस आइवालीचा होता आणि अनेस्तिस स्मिर्नाचा. दोघे अलीकडचे, दोघे पलीकडचे. रेबेतिको म्हणून जे संगीत आज ओळखलं जातं, त्याचा पिरेयसचा बाज या मंडळींनी घडवला. ते स्मिर्नाचं गाणं नव्हतं, कारण त्यातला ऊद मागे पडून बुझुकी पुढे आली होती. ते बेटावरचंही गाणं नव्हतं, कारण त्याच्या चालींत पूर्वेकडच्या मकामांचं, म्हणजे तिकडच्या रागांचं, रक्त होतं.

या गोष्टीपाशी मला थांबावंसं वाटतं. निर्वासितांनी संस्कृती 'समृद्ध केली' असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक तयार वस्तू येते: त्यांनी आणली, यांनी ठेवून घेतली. पण तसं होत नाही. आणलेलं जसंच्या तसं उरत नाही आणि इथलंही जसंच्या तसं उरत नाही. मध्ये एक ऐकणारा लागतो. आइवालीचा म्हातारा वाजवत होता, हे अर्धं झालं. कत्तलखान्यातल्या एका पोरानं ते ऐकून स्वतःचा हात पणाला लावला, हे उरलेलं अर्धं. वारसा म्हणतात तो या दोन अर्धांच्या मध्ये तयार झाला. त्यावर दोघांपैकी एकाचीच मालकी सांगता येत नाही.

सरकारला ते पटायला वेळ लागला. ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रीसमध्ये जनरल मेताक्सासची हुकूमशाही आली आणि पुढल्या वर्षी रेकॉर्डवर सेन्सॉर बसला. नशेबाजीचे शब्द तर गेलेच, अमानेसवरही गदा आली. ते फार पूर्वेकडचं, फार 'तुर्की' वाटत होतं. नंतर युद्ध, उपासमार, यादवी. स्मिर्नाचा अनेस्तिस १९४४ मध्ये अथेन्समध्ये गेला, जेमतेम बत्तीस वर्षांचा असेल-नसेल. जानेवारी १९४९ मध्ये मानोस हाजिदाकिस या पाश्चात्त्य संगीतात मुरलेल्या, तेविशीतल्या संगीतकारानं अथेन्सच्या एका रंगमंचावर उभं राहून रेबेतिकोवर व्याख्यान दिलं. हे आपलं मोलाचं संगीत आहे, असं सुशिक्षितांच्या तोंडावर सांगितलं आणि मार्कोसला मंचावर बोलावलं. गदारोळ झाला. १९६० मध्ये मिकिस थिओडोराकिस या संगीतकारानं यानिस रित्सोस या कवीच्या कवितांना बुझुकीची साथ दिली आणि तेव्हा पुन्हा वाद झाला. बुझुकी? कवितेला? आज ग्रीस म्हटलं की जगाच्या कानात पहिली बुझुकी वाजते. २०१७ मध्ये युनेस्कोनं रेबेतिकोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. अर्ज अर्थातच ग्रीस देशानं केला होता.

१९२२ ते २०१७. पंचाण्णव वर्षं. ज्यांना दह्यात बाप्तिस्मा झालेले म्हटलं, त्यांच्यातलं त्या दिवशी जवळपास कुणीच उरलं नसणार.

रोझाकडे परत येते, कारण तिच्यात आणखी एक जुनी वाट येऊन मिळते. निर्वासितांची ही सगळ्यात लाडकी गायिका स्वतः ग्रीकही नव्हती आणि ऑर्थोडॉक्सही नव्हती. ती ज्यू होती. जन्म इस्तंबूलचा, लहानपण सालोनिकाचं, म्हणजे आजच्या थेस्सालोनिकीचं. स्मिर्नाकडून आलेल्या पानायोतिस तुंदास या संगीतकारानं तिला हेरलं आणि रेकॉर्ड कंपनीकडे नेलं. ती ग्रीकमध्ये गायली, तुर्कीत गायली आणि घरातल्या भाषेतही गायली. घरातली भाषा होती लादिनो. पंधराव्या शतकातली स्पॅनिश.

३१ मार्च १४९२ रोजी स्पेनच्या राजाराणीनं फर्मान काढलं: ज्यूंनी धर्म बदलावा नाहीतर चार महिन्यांत देश सोडावा. त्यांतले हजारो ऑटोमन साम्राज्यात आले आणि त्यांचं सगळ्यात मोठं घर झालं सालोनिका. तिथली त्यांची प्रार्थनागृहं सोडून आलेल्या मुलखांच्या नावानं ओळखली जात: कॅस्टिल, ॲरागॉन, कॅटलान, लिस्बन. 'नेआ स्मिर्नी'ची ही चारशे वर्षं आधीची बहीण. या लोकांनी सालोनिकात लोकर विणली, सुलतानाच्या जानिसारी फौजेच्या गणवेशाचं कापड तिथून जायचं. इस्तंबूलमध्ये १४९३ मध्येच त्यांच्यातल्यांनी छापखाना घातला, त्या साम्राज्यातला पहिला. पुढे कितीतरी पिढ्या सालोनिकाचं बंदर शनिवारी बंद असे, कारण ज्यू हमाल शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक सुट्टी, पाळायचे.

पण मला त्या कापडापेक्षा आणि छापखान्यापेक्षा बायकांची गाणी मोठी वाटतात. या घरांतल्या बाया पाळण्याशी, लग्नात, मयताला जुन्या स्पॅनिश कथागीतांच्या ओळी म्हणत राहिल्या. राजे, राण्या, समुद्रावर गेलेले नवरे. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांसारखी ती आईकडून मुलीकडे गेली. चारशे वर्षांनी स्पेनचे अभ्यासक बाल्कनमध्ये ती गोळा करत फिरले, कारण खुद्द स्पेनमध्ये त्यांतली काही पुसट झाली होती, काही विरून गेली होती. ज्यांना हाकललं, त्यांनीच हाकलणाऱ्याची भाषा सांभाळली होती. स्पेननं २०१५ मध्ये कायदा करून या लोकांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं. पाचशे तेवीस वर्षांनी.

सालोनिकातल्या ज्यूंपैकी बहुतेकांना तोवर ते घेण्यासाठी वारसच उरले नव्हते. १९४२ च्या डिसेंबरात जर्मन ताब्यातल्या त्या शहरात त्यांचं जुनं कब्रस्तान उखडलं गेलं. १९४३ मध्ये मार्च ते ऑगस्टदरम्यान चाळीस हजारांहून जास्त माणसं मालगाड्यांत भरून आउशवित्झला पाठवली. कब्रस्तानाच्या जागेवर आज विद्यापीठ आहे. रोझा अथेन्समध्ये होती. बनावट बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर लपतछपत जगली, तुरुंगातही गेली, वाचली. १९८० मध्ये वारली तेव्हा नव्या पिढीतल्या पोरांनी तिला पुन्हा शोधून काढलं होतं.

हे लिहिताना मला एक गोष्ट खुपते आणि ती इथेच सांगितली पाहिजे. निर्वासितांच्या बाजूनं बोलायचं म्हटलं की आपण यादी वाचायला लागतो. स्मिर्नाकडचा जन्म असलेला योर्गोस सेफेरिस, १९६३ चं साहित्याचं नोबेल. आर्मेनियन हत्याकांडातून वाचलेले, आजच्या तुर्कस्तानातल्या कुताह्याचे कुंभार १९१९ पासून जेरुसलेमला आले आणि त्यांच्या निळ्या-हिरव्या फरशा आज त्या शहराची ओळख आहेत, रस्त्यांच्या नावांच्या पाट्यासुद्धा त्याच फरशांच्या. निर्वासितांनी काढलेले फुटबॉलचे संघ, अथेन्सचा एईके १९२४ चा आणि थेस्सालोनिकीचा पाओक १९२६ चा, दोघांच्या चिन्हावर सोडून आलेल्या कॉन्स्टँटिनोपलचा दोन डोक्यांचा गरुड. यादी खरी आहे आणि मला ती आवडते. पण यादी वाचताना नकळत आपण परीक्षा घेत असतो. काय आणलंस, दाखव. गुण मिळाले तर राहा.

थिएटरच्या बॉक्समधल्या बाईनं काहीच आणलं नसेल तर? तिला गाता येत नसेल, विणता येत नसेल, ती फक्त दोन पोरं घेऊन आली असेल आणि पुढची चाळीस वर्षं लोकांची धुणी धुऊन मेली असेल तर? तिला अभय मिळायला हवंच होतं. अमान म्हणणाऱ्याला आधी अमान द्यायचं असतं, गाणं कसं आहे ते नंतर. आणि गंमत अशी की कुठल्या बोचक्यातून काय निघेल ते त्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, आणणाऱ्यालासुद्धा नाही.

कप्पाडोकियाच्याच प्रोकोपीच्या, म्हणजे आजच्या उर्गुपच्या लोकांचं बघा. १९२४ मध्ये निघताना त्यांनी आपल्या संताचं शव बरोबर घेतलं. संत योहान रशियन. नावातच आलं: हा माणूस मूळचा रशियन सैनिक, १७११ च्या युद्धात पकडला गेलेला, कप्पाडोकियात गुलाम म्हणून विकला गेलेला, तबेल्यात राहून १७३० मध्ये मेलेला. तुर्की बोलणाऱ्या ख्रिश्चनांनी त्याला संत मानलं, शेजारचे मुसलमानही त्याला मान द्यायचे. एव्हिया बेटावर नवी प्रोकोपी वसली, देऊळ झालं, आणि आज ते ग्रीसमधल्या मोठ्या तीर्थक्षेत्रांपैकी एक आहे. परक्या देशातला परका कैदी, त्याला आपलं म्हणणारी माणसं पुन्हा परक्या देशात. आता तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या भाविकाला यातलं काही परकं वाटत असेल, असं मला वाटत नाही.

ज्या गावांतून ही माणसं गेली, त्या गावांचं काय झालं, हेही कधीतरी कुणीतरी मन लावून लिहायला हवं. गायब झालेला कारागीर, बंद पडलेली भट्टी, ज्याची भाषा ऐकू येईनाशी झाली तो शेजारी. आलेल्यांमुळे काय वाढलं ते मोजता येतं, कारण ते समोर असतं. गेलेल्यांमुळे काय कमी झालं ते त्या गावालाही आठवेनासं होतं.

तर, त्या रात्रीची पेन्सिलीची ओळ.

पहाटेचे दोन वाजत आले होते. प्रार्थना संपल्या. मैत्रिणीनं शेवटचं पान उघडलं, दिव्याखाली धरलं. अक्षर छापील नव्हतं, पेन्सिल पुसट झालेली, एका जागी ओठांनी की बोटांनी कागद तुळतुळीत झालेला. तिनं एकेक अक्षर जुळवत वाचायला सुरुवात केली. या वेळी तिचा आवाज सपाट नव्हता.

तुर्की मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत एकदा." आणि मग, फार हळू: "ही प्रार्थना नाहीये."

तांब्याचं मोठं पातेलं, एक. गाद्या, दोन. गालिचा, लाल, एक. छोटं जातं. त्याखाली एका बाईचं नाव, मुसलमान नाव, शेजारीण असावी. आणि शेवटी एकच शब्द.

"एमानेत," मैत्रिणीनं वाचलं.

त्या शब्दाला तुर्की मुलीच्या आधी मी मान वर केली. त्या रात्री मला कळलेला तो पहिलाच शब्द. अमानत. विश्वासानं कुणापाशी ठेवलेली, परत मागायची वस्तू. अमान ज्या धातूतून आला त्यातूनच हाही आला, अरबीतून फारसीत, फारसीतून आमच्या दप्तरांत. वाटेत कुठेतरी अक्षरांची अदलाबदल झाली आणि मराठीत तो अनामत होऊन राहिला. अनामत रक्कम भरताना तो कुठून आला असं आम्ही कधी विचारत नाही.

मी ते दोघींना सांगितलं. तुर्की मुलीनं एका कागदावर ती यादी आपल्या लिपीत उतरवून काढली, शेवटच्या शब्दापुढे मी देवनागरीत 'अनामत' लिहिलं. मैत्रिणीनं पुस्तक रुमालात गुंडाळलं. कागद टेबलावरच ठेवला.

आजीला हे सांगावं की नाही, यावर ती दोन दिवस विचार करत राहिली. ती रोज ओठ टेकवत होती त्या ओळी म्हणजे पातेलं आणि गाद्या आहेत, हे कसं सांगायचं? शेवटी तिनं फोन केला. मी खोलीतच होते. ती बोलली, मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण ती हसत होती.

"विचारतेय, गालिच्याचा रंग कुठला लिहिलाय?"

आणि फोनमध्ये म्हणाली, "लाल, आजी. लाल."